खाली लिहायला जागा आहे

आपा, शबाना सांगते की तुम्ही "आयी" म्हणालात.

जेवणं झाली होती. तुमचा मुलगा इम्रान बांगड्यांच्या दुकानात होता, पोरं शाळेत. तुमची सून शबाना मोरीत भांडी घासत होती आणि तुम्ही पलंगावर बसून पदरानं चष्मा पुसत होता. कडी वाजली नव्हती, दारात कुणी नव्हतं. तुम्ही मान वर केलीत, लांबच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात "आयी, आयी" म्हणालात, पायात चपला सरकवल्यात आणि दाराकडं गेलात. शबानाला वाटलं, एखादी बाई बांगड्या भरायला घरीच आली असेल. हात पुसत ती बाहेर आली तर तुम्ही उंबऱ्यात बसला होता. पाठ चौकटीला टेकलेली, तोंड गल्लीकडं. गल्ली रिकामी.

तुमच्या घरच्या बोलीत "आयी" म्हणजे "आले", हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, शबाना सांगत होती तेव्हा माझ्या कानाला ते "आई" असंच ऐकू आलं. त्यातलं खरं कुठलं ते मला अजून ठरवता येत नाही.

डॉक्टर हृदयाचं म्हणाले. असेल. त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद तुमच्याशी होता, आणि तो तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

तुम्हाला मी पहिल्यांदा वाचलं ते पलूसला, माझ्या शिलाई मशीनवर बसून. ब्लाउजच्या बाह्या जोडत होते. माझा थोरला भाऊ बिरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. म्हसवडच्या पलीकडं आमच्या माळावर मेंढरं राखत होता. वळीव आला म्हणून बाभळीखाली उभा राहिला आणि वीज पडली. माझं नुकतंच लग्न झालेलं. मला न्यायला माणूस येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मी त्याचं तोंड बघितलं नाही.

आणि मग कधीतरी हाक सुरू झाली. रोज नाही. उन्हं डोक्यावर आली, गल्लीतली माणसं आडवी झाली, मशीनवरचा माझा पाय थांबला, की परसातून यायची. "कमळेऽ." मला माहेरी कमल म्हणतात, सासरी कमलवैनी. कमळे म्हणणारा एकच होता.

आमच्याकडं लहानपणीच शिकवलेलं असतं. भर दुपारी कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं काही असलं तर दोनदाच. बिराची हाक दोनदा यायची. मी दातात दोरा धरून बसायचे आणि तिसरीची वाट बघायचे. ती कधी आली नाही.

हे सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यांनी देवऋषी गाठला असता. सासूला सांगितलं असतं तर माहेरचं भूत पाठीला लावून आली म्हणाली असती. शेवटी मी फोनला सांगितलं. टाईप करायला लाज वाटली म्हणून तोंडानं बोलले, "मेलेल्या माणसाची हाक ऐकू येते." आधी वशीकरणवाल्यांच्या जाहिराती आल्या. त्यांच्या खाली तुम्ही होता, तुमचा ब्लॉग.

विट्यातल्या एका सुनेची गोष्ट लिहिली होती तुम्ही. तिचा नवरा गलाईच्या धंद्याला, सोनं गाळायला, परमुलखात. सासूसासरे त्याच्याकडं गेलेले. घरात ती एकटी. गल्लीत निम्म्या घरांना कुलपं, आणि त्यातल्याच एका कुलूपबंद घरातून दुपारी तिला तिच्या नावानं हाक यायची. तुम्ही ती गोष्ट उगीच रंगवली नव्हती. हाक कशी होती, कुठल्या बाजूनं आली, तेव्हा तिच्या हातात काय होतं, एवढंच लिहिलं होतं. हातात भाकरीचं पीठ होतं आणि ते वाळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. ते वाचलं आणि मला कळलं, ही खोटी गोष्ट नव्हे.

शेवटी लिहिलं होतं, "तुम्हाला कधी कुणी हाक मारली का? खाली लिहायला जागा आहे."

ती जागा, आपा! एक पांढरी चौकट. मी तिच्यात लिहायचे आणि पुसायचे. दुपारी लिहायचे, चहाच्या वेळेला पुसायचे. भीती तरी किती. एक म्हणजे माझी भाषा. मी दहावीपर्यंत शिकले, पण लिहायला घेतलं की "हाय" आणि "न्हाई"च उमटतं. वर लोकांनी लिहिलेलं असायचं, "अत्यंत हृदयस्पर्शी लेखन", "आपल्या लेखणीस सलाम". त्याच्या शेजारी माझं "म्या बी ऐकलंया" कसं दिसलं असतं? चौकटीखाली आणखी एक ओळ असायची, तुमची प्रतिक्रिया तपासून प्रसिद्ध केली जाईल. तपासून म्हणजे? माझ्या डोळ्यांपुढं लाल पेनाची बाईच उभी राहायची. दुसरी भीती, भावकीतल्या कुणी वाचलं तर. आणि तिसरी मी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. लिहिलं की ते एक प्रकारे ओ दिल्यासारखंच झालं की. मग ते परसातलं घरात आलं तर?

एका दुपारी हाक आली ती फार जवळून. परसातून नव्हे, मोरीच्या दारातून. मी फोन उचलला, तुमची ती गोष्ट काढली, चौकटीत एकच शब्द लिहिला आणि पुसायच्या आत पाठवून दिला.

"व्हय."

नाव दिलं नाही. नावाच्या जागी आपोआप "अनामिक" आलं. मग फोन धान्याच्या डब्यावर पालथा ठेवला आणि दोन दिवस त्या पानाकडं गेले नाही.

तुम्ही खाली लिहिलं होतं, "व्हय, एवढ्यावर थांबू नका. तुमी बसा निवांत. जवा जमंल तवा सांगा. मी हाय."

तुम्ही एवढं शुद्ध लिहिणाऱ्या. माझ्यासाठी "हाय" लिहिलंत. मी पदर तोंडाला लावून रडले आपा, आणि ते कुठल्या दुःखाचं रडू नव्हतं.

मग मी थोडं थोडं लिहायला लागले. आधी हाकेचं. मग बाभळीचं. एका गृहस्थांनी माझ्याखाली लिहिलं, "आधी शुद्धलेखन शिका, मग भुतं बघा." मी माझं सगळं काढून टाकायला गेले, तर काढायचं कसं तेच कळेना. तेवढ्यात तुमचं उत्तर दिसलं. "दादा, भूत व्याकरण बघून येत नसतं. तुमाला आलं तर बघा, ऱ्हस्व-दीर्घ सुचतंय का." त्या दिवशी मी नाव लिहिलं. कमल. नुसतं कमल, गाव नाही.

आपली भेट झाली तीही या "व्हय"मुळंच. नणंदेच्या लग्नाचा बाजार करायला विट्याला आलो होतो. बायका तुमच्या दुकानात शिरल्या. फळीवर बांगड्यांच्या नळ्या, तुम्ही खाली बैठकीवर. तुम्हाला मी फोटोवरून ओळखलं होतं, पण बोलायला तोंड उघडेना. माझा नंबर आला. तुम्ही माझा हात हातात घेतलात, बोटांची पेरं दाबलीत.

"हात सोडा की सैल. लय कडक हाय. हिरव्या भरू का लाल?"

"व्हय," मी म्हणाले.

तुम्ही वर बघितलंत. बांगडी तशीच माझ्या बोटांवर अडकलेली. "कमल का तुमी?"

मी मान हलवली. तुम्ही हसला नाहीत. हात मात्र सोडला नाही, आणि बाकीच्या बायका पुढच्या दुकानात जाईपर्यंत एकेक बांगडी इतकी सावकाश भरलीत, की माझी नणंद म्हणाली, ह्या वैनीचा हात लय अवघड दिसतोय.

तेव्हा तुम्ही सांगितलंत, बायका असं का सांगतात तुम्हाला. "हात दुसऱ्याच्या हातात असला की माणूस खोटं बोलत न्हाई. माझ्याकडं हात हाईत, म्हणून गोष्टी हाईत." आणि ब्लॉगवर हात धरता येत नाही म्हणून तुम्ही प्रत्येकीला उत्तर देत होता. आता ब्लॉग वाचतंय कोण, सगळी व्हिडिओ बघतात, असं इम्रान म्हणायचा. तुम्ही म्हणायचा, "व्हिडिओला तोंड दाखवावं लागतं बेटा."

नंतर मी वरचेवर यायला लागले, अस्तराचं कापड घ्यायच्या निमित्तानं. अशाच एका येण्यात आपला वाद सुरू झाला. मी म्हणाले, "आपा, काय बी झालं तरी ओ देऊ नये. ओ दिली की नेतंय."

तुम्ही बराच वेळ नळीतल्या बांगड्या पुढं-मागं करत राहिला. मग तुमच्या अम्मीचं सांगितलंत.

तुमची धाकटी बहीण नसीम. विहिरीवर खेळायला गेली होती. अम्मी घरात सुपारी कातरत होत्या. दुपारची वेळ. लांबून हाक आली, "अम्मी." थोड्या वेळानं पुन्हा, "अम्मी." अम्मी तिसऱ्या हाकेची वाट बघत बसल्या. त्यांनाही त्यांच्या आईनं तेच शिकवलं होतं.

"पाण्यात पडलेलं पोरगं दोनदाच हाक मारतं, कमल," तुम्ही म्हणालात. "तिसऱ्यांदा मारायला त्याच्याजवळ दम ऱ्हात न्हाई."

त्यानंतर अम्मी मरेपर्यंत प्रत्येक आवाजाला ओ देत राहिल्या. भंगारवाला ओरडला, "आयी." कौलावर मांजर बोललं, "आयी." वाऱ्यानं दार वाजलं, "आयी रे, आयी." तुम्ही त्या घरात वाढलात, जिथं आई दिवसभर रिकाम्या दाराला उत्तरं देत होती. जेवता जेवता उठून जायची. कधीकधी दारात कुणीच नसायचं आणि तरी अम्मी पुष्कळ वेळ तिथं कुणाचं तरी ऐकत उभ्या राहायच्या. "मला भ्या वाटायचं ते हाकेचं न्हाई," तुम्ही म्हणालात, "अम्मी ऐकून परत आली की हसायची, त्याचं."

मी तरी मानलं नाही. म्हणाले, "त्या जित्या पोरीची हाक होती आपा. माझा बिरा मेलाय."

"मेल्यालाबी ओ मिळाली तर त्याचं काय बिघडतंय? आन् तुझं काय जातंय?"

"मी जाते की!"

तुम्ही हसलात. म्हणालात, "चल, जाऊन बघू. त्याच्याच माळाला जाऊ."

मला वाटलं थट्टा. पण तुम्ही खरंच निघालात. म्हसवडपर्यंत एसटी, तिथून माझ्या चुलत्याच्या पोराची जीप, आणि पुढं पायी. देवाचं दर्शन घ्यायला जाते असं मी घरी सांगितलं होतं, आणि सिद्धनाथाच्या देवळात मी गेलेही. तुम्ही बाहेर माझ्या चपलांजवळ बसून राहिलात.

माळ तसाच होता. कुसळं, मुरूम आणि लांबवर पवनचक्क्या. बाभूळ अर्धी जळून वाळलेली, अर्धी हिरवी. शेजारी कुणाचा तरी कळप उन्हात थांबला होता. दुपारी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. लांबून नुसता लोकरीचा एक ढीग दिसतो, तोंडं नसलेला. राखणारा कुठं दिसत नव्हता.

आपण उभ्या राहिलो. वारा पडला होता. पवनचक्क्यांची पातीसुद्धा थांबली होती.

मग त्या ढिगातून एकेक डोकं बाहेर आलं. सगळ्या मेंढरांनी एकाच बाजूला तोंडं केली, बाभळीच्या मागं, जिथं काहीच नव्हतं. एकही ओरडलं नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं, दुसरं काही नाही.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "ऐकलंस?"

"न्हाई. काय?"

तुमचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. घाबरलेला नव्हे. कुणी तरी फार जुन्या ओळखीचं गर्दीत दिसावं आणि ते तेच का, अशी शंका यावी, तसा.

"ऐकू आलं न्हाई ना तुला?"

"न्हाई आवं आपा. काय आलं? बिरा व्हता?"

तुम्ही माझं मनगट सोडलंत. "तुझ्यासाठी नव्हती," म्हणालात आणि जीपकडं चालायला लागलात. मागं मेंढरांनी पुन्हा डोकी पोटाखाली घातली होती.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसून ओठ हलवत होता. दुवा म्हणत असाल म्हणून मी बोलले नाही. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला विचारू. तोंडावर विचारायला जमलं नाही तर तुमच्या ब्लॉगवर खाली लिहून विचारू. ते आता मला चांगलं जमत होतं. पण या माळाबद्दल तुम्ही काही लिहिलंच नाही, मग मी विचारणार तरी कशाच्या खाली?

एक सांगायचं होतं ते मात्र मी त्या विट्याच्या सुनेच्या गोष्टीखाली लिहिलं. त्या दिवसापासून बिराची हाक बंद झाली. परस रिकामं झालं. हलकं वाटलं म्हणू की ओकंबोकं वाटलं म्हणू, मला कळेना. तुम्ही उत्तर दिलंत, "बरं झालं. आता दुपारची नीज घ्यायला शीक." तुमचं मला आलेलं ते शेवटचं.

कधीकधी मनात येतं, आपा, की तिथं एकच हाक होती आणि ती कुणी तरी एकीनं घ्यायची होती. मग मी स्वतःला गप्प करते. तुम्ही ऐकलं असतं तर रागावला असता. पण नसीम तुम्हाला विट्यात, तुमच्या स्वतःच्या घरात, इतकी वर्षं का हाक मारत नव्हती, आणि म्हसवडच्या माळावर का मारावी? की ती अम्मीची होती? की खरंच काही नव्हतं आणि तुम्ही मला मोकळं करायला ते सोंग केलंत? तसं असेल तर मग त्या उंबऱ्यात तुम्ही कुणाला ओ दिलीत?

हे सगळं विचारायचं राहिलं.

तुम्ही गेल्यावर मी परसाचं दार दुपारभर उघडं ठेवायला लागले. तुमची हाक येईल म्हणून. येत नाही. कोंबड्या येतात.

परवा इम्रानचा फोन आला. "मावशी, अम्मीच्या ब्लॉगवर एक बाई लिवायलीय. मला वाचवंना झालंय. तुमीच बघा काय ते."

मी काल विट्याला गेले. त्यानं तुमचा फोन माझ्या हातात दिला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तुमच्या बैठकीवर मी बसले नाही, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

जतकडची बाई होती. तिकडं बायका बोलतात तसं, "करतो, येतो" असं लिहिलेलं. "आपा, पैल्यांदाच लिवतो. चुकलं तर माफी करा. मला रोज दुपारी हाक येती. सासू म्हनती ओ देऊ नको. तुमी सांगा. तुमी सांगशीला तसं करतो."

आपला वाद माझ्या मांडीवर येऊन पडला, आणि तुम्ही नव्हता. ओ दे म्हणू? तुम्ही दिलीत आणि उठून गेलात. देऊ नको म्हणू? तर तुमच्या अम्मीची सुपारी डोळ्यांपुढं. मी पुष्कळ वेळ लिहिलं आणि पुसलं, पहिल्यासारखंच. शेवटी मला जे खरं ठाऊक होतं तेवढंच लिहिलं. "ताई, एकट्यानं ऐकू नका. कोन हाक मारतंय ते मला सांगा. मी हाय हितं."

आणि पाठवलं.

ते पानावर उमटलं. वर तुमचा तो छोटा फोटो, चष्म्यातला. शेजारी नाव, रजिया. आणि खाली, "मी हाय हितं." फोन तुमचा होता. माझ्या ध्यानातच आलं नाही. इम्राननं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

मी ते काढायला बघत होते तोवर तिचं उत्तर आलं.

"आपा, तुमी वारला असं कळलं हुतं मला. तरी म्हटलं, एकदा हाक मारून बघू. तुमी ओ दिलासा."

दुकानात पंखा चालू होता. नळ्यांतल्या बांगड्या त्याच्या वाऱ्यानं किणकिणत होत्या. ती बाई घाबरली नव्हती, आपा. मेलेल्या माणसानं उत्तर दिलं आणि तिला बरं वाटलं होतं. मी गप्प राहिले असते तर ती रोज तुमच्याशी बोलत राहिली असती आणि मी रोज तुम्ही होऊन लिहीत राहिले असते. एक क्षण मला ते हवंसं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही माझ्या बोटांत राहिला असता.

मग मी लिहिलं. "ताई, मी आपा नव्हे. आपा खरंच गेल्या. मी कमल, पलूसची, ब्लाउज शिवते. आपांचा फोन माझ्या हातात हाय. ओ द्यावी का न्हाई, ते मला बी ठाऊक न्हाई. पन तुमी लिवा. मी वाचते." आयुष्यात पहिल्यांदा मी नावासोबत गाव लिहिलं.

इम्रान दुपारचं शटर ओढायला आत आला. मी म्हटलं, "तू जा जेवायला. अर्धं ओढ. मी बसते."

तो गेल्यावर तिचं उत्तर आलं. आधी एक ओळ, "बरं. मग तुमास्नी सांगतो." आणि पाठोपाठ तिची सगळी हकीकत, एका दमात लिहिलेली, कुठं थांबा नाही की कुठं स्वल्पविराम. तिचा लेक होता. सात-आठ वर्षांचा. त्याचं नाव तिनं दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलं होतं, घाईनं की रडण्यानं कोण जाणे.

वर तुमच्या फोनवर विचारणा आली होती, ही प्रतिक्रिया प्रसिद्ध करायची का. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. एक अक्षर बदललं नाही. तशीच लावली.